जोत्याची उंची

उपग्रहाच्या नकाशावर नवी मुंबईतली ऐरोली पट्ट्यापट्ट्यांची दिसते. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पायथ्याशी एमआयडीसीचे पत्र्याचे छप्पर आणि काचेच्या इमारती, मग जोडीने धावणारे ठाणे-बेलापूर रस्ता आणि ट्रान्स-हार्बरची रेल्वे. त्याच्या पश्चिमेला सेक्टरांची आखीव वस्ती, त्या आखीवपणात मध्येच वाकड्या गल्ल्यांची ऐरोली आणि दिवा ही दोन गावं, आणि शेवटी कांदळवन व ठाण्याची खाडी. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीच्या चिखलापर्यंत निवांत चालत गेलं तर तास-दीड तास लागतो. एवढ्या अंतरात जमीन किती खाली उतरते हे डोळ्यांना कळत नाही. पावसाच्या पाण्याला मात्र बरोबर कळतं.

मी लहानाचा मोठा इथेच झालो. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरीला होते, आणि आम्ही राहायला आलो तेव्हा मुलुंडला जोडणारा ऐरोली पूल झालेला नव्हता. खाडीच्या पलीकडे मुलुंड-भांडुपचे दिवे दिसायचे, पण जायचं तर कळव्यावरून ठाण्याला किंवा खाली वाशीला वळसा घालून. पूल १९९९ मध्ये झाला आणि २००४ मध्ये ठाण्याहून लोकल सुरू झाली. त्यानंतर जी माणसं आली त्यांच्यासाठी ऐरोली म्हणजे मुंबईच्या जवळचं, स्वच्छ, मोकळ्या रस्त्यांचं उपनगर. त्यांचं काही चुकत नाही. पण हे गाव कोणत्या जमिनीवर उभं आहे आणि त्या जमिनीच्या कोणत्या उंचीवर कोण राहतं, हे समजून घेतल्याशिवाय इथली लोकसंख्या समजत नाही, असं मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलं आहे.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, यायच्या आधी डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या सपाट जमिनीचा मोठा भाग खारजमीन होता. समुद्राचं पाणी अडवण्यासाठी चिखलमातीचे बांध घालायचे, आत पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन धुवून घ्यायची आणि खाऱ्यात तग धरणारं भात लावायचं. बांधाला ठिकठिकाणी लाकडी उघाड्या असत. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने उघाडी आपोआप मिटायची, ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं. उधाणाला बांधाला खांड पडली की अख्खं गाव चिखलात उतरायचं, कारण एकाच्या शेतात खारं पाणी शिरलं तर ते शेजाऱ्याच्याही शेतात जाणार आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला पुढचे पावसाळे जाणार. या कामात कुणी मागे राहून चालत नसे. आगरी आणि कोळी गावांमधली एकी म्हणून जिचं आज कौतुक होतं, तिच्या मुळाशी हा बांध आहे असं मला वाटतं.

आणि गावं? ती कधीच खारात वसली नाहीत. जिथे जमिनीला नैसर्गिक उंचवटा होता, उधाणाचं पाणी जिथपर्यंत येत नव्हतं, तिथे घरं. ऐरोली, दिवा, गोठीवली, तळवली, घणसोली ही ओळ जुन्या माणसांच्या बोलण्यातून ऐकली की लक्षात येतं, घर कुठे बांधायचं हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. घर उंचावर, शेत खाली, त्याच्याही खाली बांध आणि बांधापलीकडे मासळी. कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या, बोय, आणि पाहुणा आला तर जिताडा.

१९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मुंबईची वाढ उत्तरेकडे ताणण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, अशी मांडणी केली. १९७० च्या १७ मार्चला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली, एकूण क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर, आणि नियोजनात लोकसंख्या धरली होती वीस लाख. आराखडा मोठा होता, त्यामागचा विचारही मोठा होता. पण ज्यांच्या पायाखालची जमीन त्यात गेली, त्यांना त्या आराखड्यात जागा कुठे, हा प्रश्न लढूनच सोडवावा लागला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण सगळ्या नवी मुंबईला लागू झालं. आज ऐरोलीत घर बघायला गेलात तर एजंट सहज म्हणतो, ‘ही साडेबारा टक्क्याची बिल्डिंग आहे.’ भाव आणि कागदपत्रं यांच्या हिशेबात तो ते सांगतो. त्या दोन शब्दांमागे पाच जीव आहेत, हे घर घेणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

खारजमिनीवर शहर बांधायचं तर ती उचलावी लागते. मातीचा, मुरुमाचा भराव टाकून सेक्टरांची पातळी वर आणली गेली. पारसिकच्या अंगावर दगडखाणी सुरू झाल्या. तिथली खडी शहराच्या बांधकामाला लागली आणि डोंगर पांढरट कडे उघडे टाकून झिजत गेला. डोंगर खाली आला, खार वर आली. आणि सगळा भराव टाकूनही समुद्राच्या मोठ्या भरतीपेक्षा नव्या शहराचे बरेच भाग खालच्या पातळीवरच राहणार होते, म्हणून नियोजनकारांनी धारण तलाव ठेवले. नाल्यांचं पाणी खाडीत जाण्याआधी या तलावात येतं. भरतीच्या वेळी तलावाच्या तोंडाची झापडं मिटलेली असतात, पाणी आत थांबतं. ओहोटीला झापडं उघडतात, तलाव रिकामा होतो. समुद्रसपाटीखालची जमीन कोरडी ठेवणाऱ्या डच लोकांच्या धर्तीवर हे केलं, असं कौतुकाने सांगितलं जातं, आणि तंत्र उत्तमच आहे. मला मात्र ते पहिल्यांदा समजलं तेव्हा इथल्याच उघाड्या आठवल्या. लाकडाच्या जागी लोखंड आलं, शेताच्या जागी सेक्टर आला. पाण्याशी बोलायची रीत तीच राहिली.

फरक एकच पडला, पण तो मोठा आहे. उघाडीची काळजी गाव घ्यायचं, कारण रोजचं जेवण तिच्यावर होतं. धारण तलाव कुणाच्या रोजच्या जगण्यात नाहीत. वर्षानुवर्षं गाळ साचला, तलावांमध्ये तिवरं उगवली, आणि कांदळवन न्यायालयाच्या आदेशाने संरक्षित असल्यामुळे तलावातला गाळ काढायलाही परवानग्यांची वाट पाहावी लागते. कांदळवन वाचायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तलावाची खोली कमी झाली म्हणजे शहराची कोरडी राहण्याची मुदत कमी झाली, हेही तितकंच खरं. ही दोन्ही सत्यं एकत्र धरून मार्ग काढणं हे इथल्या प्रशासनाचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि प्रचाराच्या सभांत मी त्यावर कधी दोन वाक्यं ऐकलेली नाहीत.

या सगळ्या उलथापालथीत गावठाणं कुठेच हलली नाहीत. आजूबाजूला भराव पडत गेला, रस्ते झाले, मग त्यावर डांबराचे थर चढले, आणि जे गाव पंचक्रोशीत सगळ्यात उंच होतं ते जागच्या जागी सखल झालं.

आमच्या ओळखीचं एक घर गावात आहे. मंगलोरी कौलांचं, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला घडीव दगडाची जुनी फरशी. घरातल्या आजी सांगतात की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा अंगणातून ओट्यावर चढायला चार पायऱ्या होत्या आणि पावसाळ्यात ओट्यावर बसून खालून वाहणारं पाणी बघणं हा पोरांचा खेळ होता. आज रस्त्यावरून त्या घरात जायचं तर एक पायरी उतरावी लागते. ओटा तोच आहे, मी त्याची कड हाताने चाचपून बघितली आहे. जोत्याचे दगड तेच, खालच्या चारही पायऱ्या काँक्रीटच्या पोटात गेल्या. दाराला आता फळी बसवायची खाच केली आहे, जून आला की फळी लागते आणि तिच्या मागे वाळूच्या गोण्या. आजी म्हणतात, ‘पयले पानी आमच्या गावातून खाली जायाचा. आता तोच पानी वरून आमच्याकं येतो.’ त्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. हवामान सांगावं तसं सांगतात. मला ते जास्त लागतं.

आता माणसांकडे येऊ. नवी मुंबई महापालिका १९९२ पासून काम करू लागली. तिच्या हद्दीत १९९१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ७ हजार लोक होते. २००१ मध्ये ७ लाख ४ हजार. २०११ मध्ये ११ लाख २० हजारांच्या आसपास. वीस वर्षांत साडेतीन पटींहून जास्त. हे आकडे सरसकट शहराचे आहेत. पण ही माणसं कुठून आली आणि ऐरोलीच्या कोणत्या पट्ट्यावर स्थिरावली ते पाहिलं तर प्रत्येक काळाची वेगळी उंची दिसते.

एमआयडीसी सिडकोच्या आधीची, साठच्या दशकातली. रसायनं, औषधं, इंजिनिअरिंग यांच्या कारखान्यांबरोबर कामगार आले. पगारी कामगाराला कळव्यात, ठाण्यात घर मिळे. कंत्राटी कामगार आणि खाणीतले मजूर कारखान्यांच्या मागे, डोंगराच्या उतारावर राहिले. मराठवाड्यातले, विदर्भातले, पुढे उत्तरेतले. पाणी त्यांना बुडवत नाही, पण मोठ्या पावसात वरून दगडमाती येते ती पहिल्यांदा त्यांच्याच पत्र्यांवर. शहरातल्या सगळ्यात उंच जागी शहरातली सगळ्यात गरीब माणसं राहतात.

मग सेक्टर आले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक बँकेच्या मदतीने छोटे भूखंड आणि पायाभूत सोयी देण्याची योजना इथे राबवली गेली. एका खोलीएवढं घर घ्या, पुढे जमेल तसं वाढवा. आमच्या शाळेतली निम्मी मुलं अशा बैठ्या घरांतून यायची. वडील कुणी कंपनीत, कुणी बसवर, कुणी पोलिसात. शेजारच्या घणसोली-कोपरखैरणेत माथाडींची वस्ती वाढली, कारण मुंबईतले घाऊक बाजार तुर्भे-वाशीच्या एपीएमसीत आले आणि त्यांच्याबरोबर सातारा, सांगली, पुणे, नगरची माणसं आली. त्यामुळे या पट्ट्यात आजही यात्रेच्या दिवसांत अर्ध्या दुकानांची शटर खाली असतात. ती बैठी घरं आता दोन-तीन मजली झाली आहेत, खाली दुकान, वर भाडेकरू. ज्यांनी जिना बाहेरून काढला त्यांनी गल्लीची रुंदी खाल्ली, पण त्याच जिन्यामुळे दुसऱ्या कुटुंबाला ठाण्याच्या निम्म्या भाड्यात घर मिळालं. मी या वाढीकडे अतिक्रमण म्हणून बघू शकत नाही. जागतिक बँकेच्या कागदावर ‘हळूहळू वाढणारं घर’ म्हणून जे आखलं होतं, ते लोकांनी मनापासून पुरं केलं.

तिसरी लाट पूल आणि रेल्वेनंतरची. कारखाने बंद पडले किंवा हलले, त्यांच्या जागी आयटीच्या इमारती आल्या. सकाळी ऐरोली स्टेशनवर उतरणारी गर्दी पाहा, गळ्यात पट्ट्याचं ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग. यातले बरेच जण संध्याकाळी परत जातात, पण बरेच इथेच राहतात, आणि राहतात ते बहुतेकदा गावठाणात. कारण स्वस्त, पायी जाता येण्याजोगी खोली तिथेच मिळते. प्रकल्पग्रस्तांनी गावाच्या हद्दीत वाढत्या कुटुंबासाठी जी घरं उभी केली, त्यांना सरकारी भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. ती नियमित करण्याचा प्रश्न कित्येक सरकारं बदलली तरी पूर्ण सुटलेला नाही. शेत गेलं, खाडीतली मासळी आटली, तेव्हा घरभाडं हेच त्यांचं पीक झालं. चार मजली चिंचोळ्या इमारतीत वर पुण्याहून, नागपूरहून, ओडिशातून, केरळातून आलेली पोरं राहतात आणि तळमजल्यावर मालकाचं कुटुंब. म्हणजे पाणी भरलं की पहिल्यांदा मालकाच्या घरात शिरतं, भाडेकरू वरून बघतो.

ही वरच्या मजल्यावरची पोरं कुणाच्या मोजणीत येतात? मतदारयादीत ती गावाकडे आहेत, शिधापत्रिका गावाकडे आहे, आधारवर पत्ता गावाकडचा. २०११ नंतर आपल्याकडे जनगणना झालेली नाही, २०२१ ची लांबत गेली. आता संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे मधली सोळा वर्षं पाण्याचं, कचऱ्याचं, शाळांचं, रुग्णालयातल्या खाटांचं गणित जुन्या आकड्यांवर आणि अंदाजांवर चालू आहे. दिवागावातल्या किंवा ऐरोली गावातल्या एका गल्लीत रात्री अकरा वाजता किती माणसं झोपलेली असतात हे ज्याला सांगता येईल, तोच तिथल्या गटाराचा व्यास बरोबर ठरवू शकेल. मला जनगणनेची ओढ आहे ती एवढ्यासाठी. उद्या प्रगणक गल्लीत येईल तेव्हा घरमालकाने ‘वर कोणी राहत नाही’ असं सांगू नये, एवढं मी ओळखीच्या प्रत्येक घरात बोलून दाखवतो. घर नियमित नाही म्हणून भीती वाटते, ती मला समजते. पण न मोजलेल्या माणसाच्या वाट्याचं पाणी कुणी सोडत नाही.

खाडीकडच्या पट्ट्याबद्दल थोडं. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि उन्हाळा सरेपर्यंत थांबतात. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. वन विभागाच्या केंद्रातून बोटी सुटतात, बोटीवर कोळी तरुण असतात, आणि पाहुण्यांना पक्षी दाखवताना त्यांचे डोळे अधूनमधून पाण्याच्या रंगाकडे जातात. मासळी कमी झाली हे सगळेच सांगतात. गाळ वाढला, सांडपाणी आलं, कारखान्यांचं पाणी आलं. ज्या शेवाळावर छोटे रोहित जगतात, ते अशा पोषणाने भरलेल्या चिखलात भरपूर वाढतं. एकाच गढूळ पाण्याने पक्ष्यांचं पोट भरलं आणि जाळी रिकामी केली. गुलाबी थव्यांचे फोटो काढणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे सांगतो. फोटो काढू नका असं नाही, त्या बोटीवाल्याला दोन प्रश्न विचारा. तो छान बोलतो.

जुलैत आमच्याकडे लोक पेपरात पहिल्यांदा भरतीची वेळ बघतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस, असा योग आला तर काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. पारसिकवर पडलेलं पाणी काही मिनिटांत नाल्यांतून खाली येतं. पूर्वी ते शेतांत पसरायचं, मुरायचं, थांबायचं. आता एमआयडीसीचं काँक्रीट आणि सेक्टरांचे रस्ते ते थेट पुढे ढकलतात. खाडीच्या तोंडाशी झापडं मिटलेली. मग पाणी मागे फिरतं आणि सगळ्यात सखल जागा शोधतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटाभर आलं तर व्हॉट्सअॅपवर दिवसभर चर्चा असते. त्याच वेळी गावातल्या घरांत गादी, तांदूळ, पोरांची दप्तरं माळ्यावर चढलेली असतात आणि तिथून एकही फोटो येत नाही. पाणी ओहोटीबरोबर निघून जातं. चिखल मागे राहतो, तो घरातल्या बायका काढतात.

हे थांबवायला मोठ्या योजना लागतील: धारण तलावांची खोली, नाल्यांची तोंडं, डोंगरावर झाडं. त्या व्हायला हव्यातच. पण एक गोष्ट तशी छोटी आहे आणि आमच्या डोळ्यांदेखत झाली आहे. गावातल्या एका गल्लीचं काँक्रिटीकरण निघालं तेव्हा तिथल्या बायका आणि तरुण पोरं कामाच्या जागी जाऊन उभी राहिली. मागणी साधी होती: जुन्या रस्त्यावर नवा थर घालायचा नाही, आधी खरवडून खाली जायचं, मग जेवढं काढलं तेवढंच भरायचं. ठेकेदाराच्या माणसाने वेळ लागेल म्हणून सांगितलं, एका पोराने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली, गवंडी पातळी बघायला वापरतात ती, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक ओट्यावर खडूने खूण केली. काम दोन वेळा थांबलं. शेवटी यंत्र आलं आणि रस्ता उखडला गेला. खणताना त्या आजींच्या दारासमोर जुन्या पायरीचा घडीव दगड वर आला. नवा रस्ता आता त्या दगडाच्या खालून जातो. गल्लीतल्या पुढच्या भागाचं काम या दिवाळीनंतर निघणार आहे, आणि खडूच्या खुणा पावसात पुसल्या गेल्या म्हणून पोरांनी त्या तेलरंगाने पक्क्या करून ठेवल्या आहेत.